धुऱ्यावरचा मका

आमच्या घरात एकाच पिकाची दोन नावं आहेत. अम्मी म्हणते भुट्टा, मुलं म्हणतात स्वीटकॉर्न, आणि दोघांनाही दुसऱ्याचा मका खाण्याजोगा वाटत नाही. (वर्गात उर्दूच्या तासाला मी मुद्दाम 'मकई' म्हणतो. 'मक्का' म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, हा तिकडूनच आला का?" नाही बाबा, तो मूळचा मेक्सिकोकडचा.)

मोताळा तालुक्यात आमचं थोडं वावर आहे. तिथं अम्मी दरवर्षी धुऱ्याला लागून गावरान मक्याची चार तासं लावते. बी घरचंच, चुलीवरच्या धुरात टांगलेल्या कणसांचं. गेल्या वर्षी पेरणीआधी शेजारचे भाऊ आले. त्यांना एकरभर स्वीटकॉर्न लावायचं होतं.

"चाची, औंदा तुमी मका नका लावू. माह्या कणसाचं वाटोळं होईन."

ते गेल्यावर अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हमारा भुट्टा उनके भुट्टे कू बिगाडता क्या?"

मलाही आधी ते धुऱ्याचं नेहमीचं भांडण वाटलं. वाचल्यावर कळलं, भाऊंचं म्हणणं खरं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. मक्याचे परागकण वाऱ्यावर जातात. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. स्वीटकॉर्नच्या केसावर गावरान पराग पडला, तर त्याच हंगामात तो दाणा साधा, पिठूळ होतो. आजच्या जास्त गोड वाणांमागचा गुण 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांच्या ध्यानात आला. त्या दाण्यात साखरेचं पीठ फारसं बनतच नाही. त्यामुळे बी वाळलं की सुरकुततं, पण तोडलेलं कणीस फ्रीजमध्ये कितीतरी दिवस गोड राहतं. गावरान कणीस मात्र तोडल्याबरोबर विस्तवावर गेलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत त्याची गोडी उतरते.

खरं सांगू? भाजलेलं कणीस मला गावरानच लागतं, पण उकडलेलं खायचं तर मी मुलांच्या बाजूचा. हे अम्मीसमोर बोलत नाही.

शेवटी तोड निघाली. दोन्ही मके एका वेळी फुलोऱ्यात आले नाहीत, की झालं. अम्मीनं तीन आठवडे उशिरा बी टोकलं. भाऊंचं पीक चांगलं आलं. आमचं केसांवर असताना पावसानं दडी मारली, कणसं अर्धी बोडकी राहिली. बियाण्यापुरते दाणे तेवढे निघाले.

भाऊंनी टोपलीभर स्वीटकॉर्न पाठवलं. अम्मीनं ते किसून वडे करायला घेतले. गावरान मक्याचा कीस आपोआप धरतो, हा पाणी सोडत राहिला. पहिला वडा तेलात फुटला. तिनं बेसन घातलं, आणि टोपली रिकामी जाऊ नये म्हणून त्यातलेच वडे भाऊंकडे पाठवले.

यंदा मृग लागण्याआधीच तिनं मला कॅलेंडर काढायला लावलं.

"उनकू पूछ, कब बोने वाले. तारीख लिख के रख."

बियांची कणसं अजून चुलीवरच आहेत.