गोबीत राहिलेली तीनचाकी

शर्यतीच्या इतिहासात पहिल्या आलेल्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापतात. जो पोहोचलाच नाही, त्याला एका ओळीत गुंडाळतात. अशा एका ओळीत गुंडाळल्या गेलेल्या माणसाविषयी मला लिहायचे आहे. त्याचे नाव ओग्युस्त पाँस. हा फ्रेंच गृहस्थ १९०७ साली तीन चाकांची गाडी घेऊन पेकिंगहून, म्हणजे आताच्या बीजिंगहून, पॅरिसला निघाला होता!

इतिहास हा माझा आवडता विषय असला तरी त्यातल्या राजेरजवाड्यांशी माझे नाते कधी जुळले नाही. पण तीन चाके म्हटल्यावर मी थबकले. माझे वडील आमच्या गावाहून तालुक्याला वडाप करतात. त्यांची सहा आसनांची डिझेल रिक्षा आहे. लोक तिला टमटम म्हणतात. सहा आसने हे कागदावरचे. बाजाराच्या दिवशी त्यांत किती माणसे, कोंबड्या आणि भाजीच्या पाट्या मावतात याचा हिशेब गणिताच्या प्राध्यापकांनाही जमणार नाही. याच गाडीत आबांच्या शेजारी बसून, मांडीवर सुट्या पैशांची पिशवी घेऊन मी कॉलेजात येते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच.

तर ती शर्यत. ‘ल माताँ’ नावाच्या पॅरिसच्या वृत्तपत्राने १९०७ च्या जानेवारीत आव्हान दिले : मोटारीने पेकिंगहून पॅरिसला येणारा कोणी आहे काय? अंतर सुमारे १५ हजार किलोमीटर. वाटेत डोंगर, गोबीचे वाळवंट, सैबेरियातला चिखल. रस्ता असा बहुतेक ठिकाणी नव्हताच. तारायंत्राच्या खांबांच्या ओळीने जायचे. नावे चाळीस आली. पेकिंगला प्रत्यक्ष पोहोचल्या पाच गाड्या. एक इटालियन इताला, एक डच स्पायकर, दोन फ्रेंच द दियाँ-बुताँ आणि पाचवी पाँसची काँताल. इतालाचे इंजिन सुमारे चाळीस अश्वशक्तीचे, काँतालचे सहा! पुढे दोन चाके, मागे एक. १० जून १९०७ रोजी या पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या.

इतालाचा मालक होता राजपुत्र शिपिओने बोर्गेझे. त्याची तयारी वाचून थक्क व्हायला होते. गाडीच्या रुंदीएवढा बांबू कापून तो घोड्यावरून पुढचे डोंगर बघून आला. ज्या खिंडीत बांबू आडवा मावेल, तिथे गाडी मावेल! पेट्रोल आणि टायर यांचे साठे वाटेवर ठिकठिकाणी आधीच पोहोचतील अशी व्यवस्था त्याने केली होती. सोबत एत्तोरे ग्विझार्दी हा त्याचा मेकॅनिक होता. एका आगगाडीच्या ड्रायव्हरचा हा मुलगा. गाडीचे हातपाय याच्या ताब्यात होते. पण किती जणांना त्याचे नाव ठाऊक असेल?

दुसऱ्या टोकाला शार्ल गोदार. याच्या खिशात दमडी नव्हती. गाडी उसनी, आणि पेकिंगपर्यंतच्या बोटीच्या भाड्यासाठी त्याने गाडीचे सुटे भागच विकले. पेट्रोलही याच्या-त्याच्याकडून उसने घेत तो पुढे सरकत राहिला. शेवटी पॅरिस जवळ आले असताना पैशांच्या व्यवहारावरून त्याला अटक झाली. त्याची गाडी दुसऱ्याने पॅरिसला नेली.

आणि पाँस? गोबीच्या वाळवंटात बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या. काँतालचे पेट्रोल संपले. पाँस आणि त्याचा मेकॅनिक पायी निघाले. पाणी नाही, सावली नाही. मरता मरता ते वाचले, वाळवंटात फिरणाऱ्या भटक्या लोकांनी त्यांना वाचवले. गाडी तिथेच राहिली. बोर्गेझे १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचला तेव्हा गर्दी लोटली होती. उरलेल्या तीन गाड्या ३० ऑगस्टला आल्या.

ही हकीकत मी आबांना सांगितली. आबा सातवीपर्यंत शिकलेले. राजपुत्राचे त्यांना काहीच वाटले नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मागं एकच चाक म्हणतीस?”

“हो. पुढं दोन, मागं एक.”

“मग न्हाई जायाची. बैलगाडीच्या वाटंला दोन चाकोऱ्या असत्यात. चार चाकाची गाडी चाकोरी धरून जाती. तीनचाकीची दोन चाकं चाकोरीत गेली, तर तिसरं मधल्या उंचवट्यावर चढतं. सगळी वाट ती गाडी आदळत जाणार. वाळूत मागचं चाक रुतलं, की संपलंच.”

मी आजवर निबंधात ‘चाकोरीबाहेरचे जीवन’ असे शब्द अनेकदा लिहिले आहेत. त्याला गुणही मिळाले आहेत. पण चाकोरी म्हणजे काय, आणि ज्याला चाकोरीत चालताच येत नाही त्याचे काय हाल होतात, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मग थोडा वेळ थांबून आबा म्हणाले, “पण त्याला टाकून गेली ती माणसं कसली? खिंडीत गाडी बंद पडली, की मागनं येणारा थांबतोच. वैरी असला तरी थांबतो. बाटलीभर डिझेल काढून देतो, न्हाईतर दोरी बांधतो. उद्या आपली बी बंद पडंल की.”

वर्तमानपत्राला शर्यत दिसली, इतिहासकाराला मोटारीचा विजय दिसला. आबांना रस्त्यावर एकटी उभी असलेली गाडी दिसली.

आता थोडे माझ्याविषयी. मी दुसऱ्या वर्षाला आहे. बी.ए. व्हायला अजून एक वर्ष असले तरी पुढे एम.ए.ला पुण्याला जायचे की नाही, हा प्रश्न आमच्या उंबऱ्यावर आत्ताच येऊन बसला आहे. दिवाळीत मामा आले होते. ते हसत हसत म्हणाले, “बी.ए. म्हंजी टमटम गं पोरी! तालुक्यापत्तोर झ्याक. पुण्याला जायाला एस्टी लागती.” सगळे हसले. मीही हसले. मामांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. माझे वाहन लांबच्या प्रवासाला नालायक आहे काय? मराठी माध्यमाची शाळा, इंग्रजीचा धाक, घरात पुस्तक म्हणजे पंचांग. आबांनी ऐकवलेला तीनचाकीचा न्याय मलाही लागू होतो काय?

पुष्कळ विचार केल्यावर मला असे वाटू लागले, की त्या शर्यतीत लायक वाहन एकही नव्हते. रस्ताच नव्हता, तर लायक कशाला म्हणायचे? राजपुत्राची ती दणकट इतालासुद्धा पेकिंगबाहेरच्या डोंगरांत मजुरांनी दोर लावून ओढली. सैबेरियात एक लाकडी पूल तिच्या वजनाने मोडला आणि ती खाली गेली. काही अंतर तर तिला परवानगी काढून आगगाडीच्या रुळांवरून न्यावे लागले. रशियात तिचे एक चाक निकामी झाले, तेव्हा खेड्यातल्या एका गाड्या बनवणाऱ्या कारागिराने कुऱ्हाडीने लाकूड तासून नवे चाक बनवून दिले. पॅरिसला पोहोचलेल्या त्या गाडीला असे किती हात लागले होते! फरक वाहनात होताच. चाळीस आणि सहा यांतला फरक मी नाकारत नाही. पण बोर्गेझे आणि पाँस यांच्यातला मोठा फरक वाटेवर आधीच ठेवलेल्या पेट्रोलचा होता.

आपल्या वर्गातही हेच नाही का? ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकल्या आहेत, त्यांचे पेट्रोल वाटेवर आधीच पोहोचलेले असते. कोणता विषय घ्यावा, अर्ज कधी करावा, कोणाला भेटावे, हे त्यांना जेवताना बोलता बोलता कळते. त्यांनी कष्ट केले नाहीत असे मी म्हणत नाही. राजपुत्रानेही गाडी रेटली. पण आमच्यासारख्यांचा साठा संपला, की पुढचे ठाणे कुठे आहे हेच ठाऊक नसते. दहावीला आम्ही गावच्या अकरा मुली होतो. कॉलेजला आलो तिघी. गेल्या वर्षी त्यांतली एक थांबली. ती आमच्यात सर्वांत हुशार होती. तिची एस.टी.च्या पासाची आणि पुस्तकांची अडचण होती, हे मला तिच्या लग्नानंतर तिच्या आईकडून कळले.

‘साहस’ या शब्दाचीही मला अलीकडे गंमत वाटू लागली आहे. २००४ साली सुरू झालेल्या एका मोंगोलियाच्या मोटार-फेरीत युरोपातले तरुण मुद्दाम लहान इंजिनाच्या, जुन्या गाड्या घेऊन निघत. गाडी बंद पडावी, फजिती व्हावी, यातच त्यांना मौज. मला त्यांचा राग नाही. उलट हेवा वाटतो. ज्याच्या मागे घर भक्कम आहे, त्याला गाडी बंद पडण्यात मौज वाटू शकते. आबांची गाडी दोन दिवस बंद पडली तर महिन्याचा हप्ता चुकतो. मग त्यांच्या रोजच्या खेपांना साहस का म्हणू नये?

“त्या तीनचाकीवाल्याचं पुढं काय झालं?” आबांनी आठ दिवसांनी आपणहून विचारले. मी शोधून ठेवलेच होते. मरणाच्या दारातून आलेला हा माणूस पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९०८ मध्ये, न्यूयॉर्क ते पॅरिस अशा आणखी मोठ्या शर्यतीला उभा राहिला! यावेळी चार चाके होती, पण गाडी पुन्हा सर्वांत लहान, एकाच सिलिंडरची. शंभर मैल व्हायच्या आतच ती मोडली आणि पाँस पुन्हा बाहेर. आबा मोठ्याने हसले. “गडी लई चिवट!” म्हणाले.

मग मी त्यांना शेवटची गोष्ट सांगितली. गोबीत पाँसचे प्राण कंठाशी आले, तेव्हा त्याची मुलगी लिली नऊ वर्षांची होती. पुढे ती गायिका झाली. १९३१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती पहिल्यांदा गायली आणि जगप्रसिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीस वर्षे त्या रंगमंचावर तिचा आवाज घुमत होता. ज्या शहरातून निघून बापाची गाडी शंभर मैलही गेली नाही, त्याच शहराने मुलीला डोक्यावर घेतले.

आबांनी विचारले, “बापाच्या गाडीत बसून गेली व्हय?”

“नाही आबा. समुद्रापलीकडचं ते, जहाजानं गेली असेल.”

“मग बरं झालं,” आबा म्हणाले, आणि हवा बघायला चाकाशी वाकले.

पुण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुटेल की नाही, हेही मी सांगू शकत नाही. टमटम पुण्याला जात नाही हे मामांचे म्हणणे खरेच आहे; पण ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत जाते, आणि तिथवर आणून सोडणारा माणूस माझ्या घरात आहे. पाँसच्या लिलीपाशी याहून जास्त होते की कमी, कोण जाणे!

पुढे जायला मिळो अथवा न मिळो, एक गोष्ट मी या वर्षापासून सुरू केली आहे. पहिल्या वर्षाच्या माझ्या सर्व वह्या आणि पुस्तके मी आमच्या गावातून यंदा कॉलेजात आलेल्या दोघींना दिली. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो, कोणत्या खिडकीवर द्यायचा आणि शेवटची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहून तो कागद त्या वहीत घातला. मित्रमैत्रिणींनो, आपणही आपल्या मागून येणाऱ्यांसाठी असे काही ठेवून जावे. आणि गुरुजनहो, वर्गात शेवटच्या बाकावर एखादी मुलगी आठ-आठ दिवस दिसेनाशी झाली, तर हजेरीपटावर फुली मारण्याआधी तिच्या गावच्या कोणाला तरी एकदा विचारावे. ती शर्यत सोडून गेलेली नसते. तिचे पेट्रोल संपलेले असते.