निखाऱ्यांविना धोंडस

मैत्रिणींनो, माझं माहेर कर्जत, सासर खालापूर. संसार मात्र इंग्लंडात! आमच्या घरी पावसाळा सरताना जून काकडीचं धोंडस होई. तांदळाची कणी, गूळ, तळाशी हळदीचं पान आणि पातेल्याच्या वर-खाली निखारे. ना मैदा, ना अंडं!

सासूबाई गेल्या तेव्हा आम्हांला वेळेवर पोचता आलं नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर हे हळूच म्हणाले, "आईचं धोंडस होईल का गं इथं?"

कुठला जिन्नस काय काम करतो ते ओळखलं, की पर्याय सापडतो, बरं का! इथली काकडी पाणीदार. २ वाट्या कीस घ्या, पण सुटलेलं पाणी फेकू नका. कणी त्यातच शिजते. कणीऐवजी दुकानात पुडिंगसाठी 'ग्राउंड राइस' मिळतो, तो १ वाटी तुपावर खमंग भाजा. गुळाऐवजी पाऊण वाटी मस्कोव्हाडो साखर. तिच्यात काकवीचा अंश असतो, म्हणून रंग छान येतो. ओल्या नारळाऐवजी अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस कोमट पाण्यात भिजवून घ्या. मीठ, वेलची घालून सगळं गॅसवर घट्ट शिजवा. मग तूप लावलेल्या भांड्यात थापून ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर चाळीसेक मिनिटं ठेवा. सुरी स्वच्छ निघाली की झालं. पूर्ण गार झाल्यावरच कापा.

हळदीच्या पानाला मात्र पर्याय नाही. निखाऱ्यांच्या वासालाही नाही.

"आईच्या हातचं नाही हे," पहिला घास घेऊन हे म्हणाले. आणि दुसरी वडी त्यांनी स्वतःच कापून घेतली.