लोकायचं

लातूरला शिकवण्यांच्या भागात पाट्या वाचत हिंडावं. दर दोन घरांआड एक होस्टेल, आणि वर इंग्रजीत 'बॉइज'. त्यातला तो वर टांगलेला स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रॉफी, कुठं एसच्या आधी, कुठं नंतर, कुठं गायबच. आधी असला तर अख्खी इमारत एकट्या पोराची. नंतर असला तर सगळ्यांची. आत डोकावलं तर एका खोलीत तीन खाटा आणि तीन पेट्या.

मराठीत हे काम अनुस्वार करतो. मुलाचं, मुलांचं. माझ्या नांदेडच्या आजीला तोही लागत नसे. 'पोराचं' म्हणजे एकाचं, 'पोरायचं' म्हणजे सगळ्यांचं. मधे एक 'य' शिरला की घर भरून जायचं. शिवाय आपला प्रत्यय वस्तू बघून रूप बदलतो : पोराचा सदरा, पोराची पाटी, पोराचं दप्तर. इंग्रजीतला एस सदरा बघत नाही की दप्तर. मालकाला चिकटून बसतो.

चिल्ड्रन, विमेन, पीपल हे शब्द मुळातच अनेकवचनी. म्हणून त्यांच्यात मालक पुष्कळ असूनही ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधी येते. हा नियम मला पुस्तकानं नाही, नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या नावानं शिकवला. पूर्वी नांदेडवरून निजाम्स स्टेट रेल्वे धावायची. तिच्याही नावात ॲपॉस्ट्रॉफी एसच्या आधीच, कारण मालक एकच. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं हे कॉलेज उभं राहिलं. रेल्वेच्या नावातलं चिन्ह कॉलेजच्या नावात त्याच जागी आहे. मालक तेवढा बदलला.

आजीच्या कोशात मात्र 'लोकायचं'चा अर्थ निराळा होता. शेजारच्या बोरीखालचं बोर उचललं की ती ओरडायची, "लोकायचं हाय ते, टाक खाली!" लोकायचं म्हणजे आपलं नव्हे.

कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी तिनं विचारलं, "पीपल्स म्हंजे काय रे?"

"लोकायचं."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग तुला कसं घेतलं त्यायनं?"

तिला नीट सांगायला मला तीन वर्षं लागली. पदवीचा कागद तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं तो आपल्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या खाली ठेवला.