गुरुवारी रात्री, शंभर वॅट

पहिल्या एपिसोडमध्ये मी एकोणीस मिनिटं बोलले. कार्यक्रम एक तासाचा. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मोजली. न्यू ऑर्लिन्स कुठे आहे, स्विंग म्हणजे काय, बीबॉप म्हणजे काय, माइल्स डेव्हिस स्वभावाने किती तुसडा होता, सगळं सांगून झालं. आणि शेवटी वेळ संपली म्हणून त्याच माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ ऐन रंगात आलेलं असताना मलाच फेडर खाली ओढावा लागला.

पुण्यातलं एक कम्युनिटी रेडिओ स्टेशन. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. अशा स्टेशनांना सहसा शंभर वॅटपर्यंतच्याच ताकदीचं प्रक्षेपण करता येतं. आजीच्या माजघरातला पिवळा बल्ब शंभरचाच होता. तेवढ्या बळावर आम्ही शहराच्या एका कोपऱ्यात ऐकू यायचो आणि कात्रजच्या घाटापर्यंत पोचता पोचता खरखर व्हायचो. दुसरा नियम असा, की निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले हवेत. माइल्स डेव्हिस स्थानिक नव्हता, पण मी होते. म्हणून गुरुवारी रात्री दहाचा स्लॉट मला मिळाला. त्याआधी त्या वेळेला पाककृतींचा कार्यक्रम पुन्हा लागायचा.

जॅझ माझ्याकडे वारशाने वगैरे आलेलं नाही. घरी बाबांची नाट्यगीतं आणि सकाळची आकाशवाणी. हॉस्टेलला रूममेटच्या हार्ड डिस्कवर सिनेमांच्या खाली एक फोल्डर होतं, त्यात चाळीसेक अल्बम. तिलाही ते कुणाकडून तरी कॉपी झालेले. परीक्षेच्या दिवसांत शब्द नसलेलं काहीतरी हवं म्हणून मी ते लावायला लागले आणि परीक्षा संपल्यावरही बंद करता आलं नाही. बस. एवढीच पात्रता.

पहिले चार आठवडे स्टेशनच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर एकही मेसेज आला नाही. नाही म्हणायला एकाने ‘चकलीची भाजणी’ एवढंच पाठवलं होतं.

पाचव्या आठवड्यात मी ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू लावली. हा अल्बम म्हणजे जॅझमधली ज्ञानेश्वरी म्हणा. न वाचलेल्यालाही नाव माहीत असतं. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीत कोलंबिया कंपनीने केलेल्या स्टुडिओत, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. माइल्सने वादकांना पूर्ण लिहिलेल्या रचना दिल्याच नव्हत्या, नुसते आराखडे दिले होते. हे सगळं मी घोळवून घोळवून सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर मेसेज आला : ‘ताई, पहिलं गाणं पट्टीत नाही. पांढरी दोनच्या वर आहे, पण काळी दोनला पोचत नाही. मला पेटीवर साथ करता येईना.’

पाठवणारे गृहस्थ हार्मोनियमच्या शिकवण्या घेणारे. मी जरा फणकाऱ्यानेच वाचलं. जगातला सर्वांत नावाजलेला जॅझ अल्बम, आणि हे म्हणतात पट्टीत नाही! मग शोधत बसले. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. २ मार्चच्या सत्रात एक टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की पहिल्या बाजूची तिन्ही गाणी थोडी चढ्या सुरात ऐकू येत. राखीव म्हणून चालू ठेवलेल्या दुसऱ्या मशीनची टेप बरोबर होती. तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२ साली. त्याआधी तेहतीस वर्षं जगभरच्या लोकांनी ती बाजू चढी ऐकली. माझ्या हार्ड डिस्कवरची प्रत त्या जुन्या आवृत्तीवरून आलेली असणार. मी इतकी वर्षं ती हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. सरांना दोन घोटांत कळलं.

पुढच्या गुरुवारी दुरुस्त प्रत लावली आणि हा किस्सा सांगितला. सरांचा मेसेज : ‘आता बरोबर. डी मायनर. आमच्या विद्यार्थ्यांनी पण धरलं.’ माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटला पुण्यात कुणीतरी पेटीची साथ करत होतं, या विचाराने मी दोन दिवस उडत होते.

त्यामुळे धीर आला आणि मी ‘द कोलोन कॉन्सर्ट’ लावायचं ठरवलं. कीथ जॅरेट, २४ जानेवारी १९७५, कोलोनचं ऑपेरा हाउस. आयोजक व्हेरा ब्रँडेस अठरा वर्षांची मुलगी. मंचावर चुकीचा पियानो आला होता, मागितलेल्यापेक्षा लहान, वरच्या पट्ट्या किरकिऱ्या, पेडल नीट चालेनात. जॅरेटची पाठ दुखत होती. तो वाजवायला तयारच नव्हता, मग तयार झाला, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला बसून जे सुचेल ते वाजवत गेला. किरकिऱ्या पट्ट्या टाळत तो मधल्या सप्तकात घुटमळत राहतो, डाव्या हाताने तेच तेच आवर्तन घोटत राहतो, आणि त्या अडचणीतूनच त्याला वाट सापडत जाते. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा. स्टेशनचे व्यवस्थापक म्हणाले, ‘एवढं मोठं कोण ऐकतं? मधे दोन जिंगल टाका.’ मी म्हटलं, सर, विलंबित ख्याल चाळीस मिनिटं ऐकतात की लोक. जिंगल टाकल्या नाहीत. त्या रात्री एका हाउसिंग सोसायटीच्या वॉचमनदादांचा पहिला मेसेज आला. ‘माणूस मधे मधे ओरडतो का’, असं त्यांनी विचारलं होतं. (ओरडतो. कण्हतो, गुणगुणतो. जॅरेटची ती ख्यातीच आहे.)

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्या एपिसोडबद्दल.

‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा माझा सर्वांत लाडका अल्बम. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधला तळघरातला एक छोटा क्लब. पियानोवर बिल इव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन, बासवर स्कॉट लफॅरो. दुपारी दोन आणि संध्याकाळी-रात्री तीन अशी पाच सत्रं झाली, सगळी ध्वनिमुद्रित झाली. एरवी बास म्हणजे मागे बसून ठेका सांभाळणारं वाद्य, आपल्याकडच्या तानपुऱ्यासारखं गृहीत धरलेलं. लफॅरो तसं वाजवत नाही. तो पियानोशी बोलतो, मधेच तोडतो, कधी पुढे पळतो. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात तो गेला. पंचविसाव्या वर्षी.

मी हे सगळं आधी सांगितलं. आवाज खाली आणून, थांबत थांबत. वर असंही म्हणाले, की मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांचं बोलणं-हसणं ऐकू येईल, तिकडे दुर्लक्ष करा. आणि ओघात, म्हणजे फुशारकीच्या ओघात, आणखी एक वाक्य : आपल्याकडे जॅझ होतं ते मोठ्या हॉटेलांतलं श्रीमंतांचं खूळ, आपल्या माणसांचा त्याच्याशी काही संबंध आला नाही.

दुसऱ्या दिवशी चार मिनिटांची व्हॉइस नोट. कॅम्पात राहणारे एक अंकल. मराठी स्वच्छ, पण वाक्याच्या शेवटी कोकणी हेल. त्यांचे वडील सासष्टीतले. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या छडीखाली सोल्फा शिकले आणि अल्टो सॅक्सोफोन घेऊन मुंबईला आले. रात्री हॉटेलच्या बँडमध्ये, दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. ‘आम्ही तुमची माणसं नाही काय गो?’ असं अंकलनी हसत विचारलं, पण पुढचं हसत नव्हते. म्हणाले, ‘तू सांगितलंस ग्लासांकडे लक्ष देऊ नका. मी काल फक्त ग्लासच ऐकले. पप्पांना ऐकायला कोण येत नव्हतं. लोक जेवायला यायचे. पप्पा आयुष्यभर त्या काट्या-चमच्यांच्या आवाजात वाजवत होते. आणि तो पोरगा मेला हे आधी कशाला सांगितलंस? मग आम्ही वाजवणं कुठे ऐकलं, मरणच ऐकत बसलो.’

मी ती नोट तीनदा ऐकली. मग फोन केला, माफी मागितली. स्टुडिओत या, वडिलांबद्दल बोला, म्हटलं. ते नाही म्हणाले. वडिलांचा एखादा अल्बम? नाही. रेकॉर्डवर नाव? तबकडीवर गायकाचं आणि संगीतकाराचं नाव असायचं, वादकांची नावं कोण छापतं? कुठल्या गाण्यांत वाजवलंय ते तरी? ‘चार-पाच सॅक्सोफोन एकदम वाजतात बघ. त्यातला एक ते असतील. नसतील पण.’

त्यानंतर मी जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. ताजमध्ये त्याचा बँड होता, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. आणि आमच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. हा चिक त्यांचा सहायक होता. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्युबन पद्धतीचे कपडे घालून. ती गाणी आमच्या घरी लग्नाच्या वरातीत वाजलेली. मी त्यांवर नाचले आहे. आणि मी रेडिओवर सांगत होते, संबंध आला नाही.

पुढचा सगळा तास ‘अलबेला’ आणि त्याच्या आगेमागची गाणी लावली. आधी चूक कबूल केली. मग प्रत्येक गाण्यात शब्द कुठे थांबतात आणि सॅक्सोफोन कुठे येतात तेवढंच सांगितलं. मेसेज आले तेवीस. आमच्या मानाने पूर. काहींनी विचारलं, हे जॅझ कसं? व्यवस्थापकांनीही तेच विचारलं, आणि हिंदी गाण्यांचा स्लॉट वेगळा आहे, तुम्ही शिस्त मोडली, असंही ऐकवलं. नव्या वेळापत्रकात माझा कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला. उरलेल्या अर्ध्या तासात पाककृती परत आल्या. मी भांडले, पण रडायचं बाकी ठेवून जेवढं भांडता येतं तेवढंच. मानधन मिळत नसलेल्या माणसाच्या भांडणाला वजन नसतं.

अर्ध्या तासाच्या पहिल्या गुरुवारी मी परत ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ लावला. तारीख सांगितली, क्लबचं नाव, तिघांची नावं, कोण काय वाजवतं. आणि म्हटलं, मागे लोक जेवतायत, बोलतायत, त्यांनाही ऐका. चाळीस सेकंदही झाले नसतील. मग माइक बंद करून खुर्चीत मागे रेलले आणि बऱ्याच दिवसांनी स्वतः ऐकलं. एक बाई मधेच हसते. एवढं काय विनोदी झालं असेल?

दहा चाळीसला अंकलचा मेसेज : ‘आज वेटर तालात होता.’

मग वॉचमनदादांचा. पहिल्या वेळेला त्यांची दिवसपाळी होती, तो एपिसोड त्यांनी ऐकलेला नव्हता. ‘मॅडम तो जाड तारांचं वाद्य वाजवणारा माणूस एक नंबर. त्याची पुढची गाणी लावा ना.’

मी उत्तर टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. शेवटी लिहिलं, की दादा, याच अल्बममध्ये शेवटी ‘जेड व्हिजन्स’ म्हणून एक तुकडा आहे, तो त्यानेच रचलेला आहे, आज वेळ पुरली नाही. पुढच्या गुरुवारी त्यानेच सुरुवात करते.