खिळा पायात, सूज दंडात

मनुष्यदेहाचा हिशेब ज्या कुणी लिहिला त्याला वाणिज्य शाखेचे शिक्षण मिळालेले नसावे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आमच्या बँकेत ज्या खात्यातून रक्कम काढली त्याच खात्याला ती नावे पडते. नाही पडली तर संध्याकाळी टॅली जुळत नाही, आणि टॅली जुळल्याखेरीज घरी जाता येत नाही. देहात मात्र सगळा कारभार उफराटा. खिळा लागतो उजव्या तळपायाला, सुई टोचतात डाव्या दंडाला, आणि दुसऱ्या दिवशी तळपाय मजेत असतो नि दंड टम्म फुगून ठणकत असतो. दाद मागावी तर "चालायचंच" एवढेच उत्तर मिळते. एवढी मोठी नोंद भलत्याच खात्यात, आणि तिला ना व्हाउचर ना सही!

त्यातून माझ्या बाबतीत खिळाही माझा नव्हता. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत कौले, पत्रे आणि नारळी-पोफळी यांची जी फेरवाटणी झाली, तीत आमच्या रेवदंड्याकडच्या वाडीच्या वाट्याला एक फळी आली. कुठल्या घराची, कुठल्या पडवीची, देव जाणे. चांगली सहा फूट लांब, सागवानी, आणि तीत सात खिळे. गावात विचारणा केली. कुणी हक्क सांगायला आले नाही. बँकेत अशी बेवारशी ठेव दहा वर्षे पडून राहिली की ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. फळीला तेवढी मुदत मिळाली नाही. "असू दे, कधीतरी लागेल," असे म्हणून आईने ती गोठ्यामागे ठेवून दिली. आईचे शब्द कधी खोटे ठरत नाहीत. यंदाच्या मे महिन्यात ती लागली. मला.

पावसाळ्याआधी गोठ्यावर झाप घालण्याचा कार्यक्रम चालू होता. गुराने की कुत्र्याने पाडलेली ती फळी शेणामातीत उताणी पहुडली होती. सातांतला एक खिळा माझी रबरी चप्पल पार करून वर आला, आणि मी जो आवाज काढला तो ऐकून शेजारचे नाना सोवळ्यातच कुंपणापाशी धावले.

"खिळा? गंजलेला? मग उभा काय राहिलायस! टीटी घे, टीटी!"

आता 'टीटी' या दोन अक्षरांइतकी घोटाळ्याची अक्षरे दुसरी नसतील. रेल्वेत टीटी म्हणजे आपण चुकीच्या डब्यात असताना हमखास येणारा काळा कोट. शाळेत टीटी म्हणजे टेबल टेनिस, जे आमच्या शाळेत टेबलच नसल्यामुळे कधी झाले नाही. बँकेत टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर, तारेने पैसे पाठवणे. तार 2013 च्या जुलैत कायमची बंद झाली. पण परकीय चलनाच्या दरपत्रकात टीटी अजून ठाण मांडून आहे. आणि दवाखान्यातली टीटी म्हणजे टेटनस टॉक्सॉइड, धनुर्वाताची लस. तीही आता खरे म्हणजे टीटी नव्हे. 2019 पासून सरकारी लसीकरणात तिच्या जागी टीडी आली. म्हणजे धनुर्वात आणि त्याच्या जोडीला घटसर्प, एका सुईत दोन कामे. पण हे नानांना कोण सांगणार? 1981 साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्याच साली माझेही बारसे झाले. नानांनी दोन्ही नावे अद्याप मान्य केलेली नाहीत. ते जिल्ह्याला कुलाबा म्हणतात आणि मला बाळ्या.

दवाखान्यातल्या सिस्टरनी जखम साबणपाण्याने खळखळून धुतली आणि "हात सैल सोडा" म्हणाल्या. मी तो सैल सोडेपर्यंत काम आटोपलेही होते. मुंगी चावली म्हणावे तर मुंगीचा अपमान व्हावा इतके सौम्य. त्या आनंदात मी घरी येऊन दोन वाट्या आमटी जास्त प्यालो. संध्याकाळी सहाला दंडाने पहिली सूचना दिली. रात्री दहाला तिथे लिंबाएवढी गाठ होती. सकाळी ती गाठ नारळाएवढी वाटत होती. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे सुपारीएवढी होती. पोफळीच्या बागाइतदाराची लेक. मापे घ्यायची ती सुपारीनेच.

डावा हात काही काम करतो हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पंचेचाळीस वर्षे मी त्याला बिनकामाचा भागीदार समजत होतो. पण शर्टात शिरताना तो लागतो, एस.टी.चा दांडा धरताना लागतो, उजव्या हाताने नोटा मोजताना गड्डी तोच धरून बसलेला असतो. आणि झोपताना? माणूस फक्त डाव्या कुशीवर झोपतो असे माझे संशोधन आहे. उजवी कूस ही लस न घेतलेल्यांची चैन आहे.

पण खरा ताप लोकांचा. आपल्या देशात आपुलकी दाखवण्याची जागा आणि लस टोचण्याची जागा एकच आहे, ही गोष्ट आरोग्य खात्याच्या कशी लक्षात आली नाही कोण जाणे! शाखेत पाऊल टाकताच शिपायाने "काय साहेब!" म्हणून तिथेच थोपटले. रोखपालाने "अरे, ऐकलं का" म्हणून तिथेच थाप मारली. कर्ज मंजूर झालेल्या एका बागाइतदाराने कृतज्ञतेने तोच दंड दोन्ही हातांनी दाबला. मी किंचाळलो, तर त्याला वाटले मंजुरी रद्द झाली.

मग उपाय सुरू झाले. एकजण म्हणाला बर्फ लाव, दुसरा म्हणाला शेक. एकजण म्हणाला चोळ, दुसरा म्हणाला खबरदार चोळलास तर. आत्याने आंबेहळद उगाळली. मासळीवाल्या मावशींनी पाटी उतरवून ठेवून हात पाहिला आणि "रुईचं पान तापवून बांध, भावा. आणि हे बघ, पापलेट ताजं हाय," असा उपाय आणि व्यवहार एकाच दमात सांगितला. नाना तर स्वतःचाच दंड उघडून बसले. "हे काय दाखवतोस! माझा बघायचा होतास मागच्या साली. खांद्यापासून कोपरापर्यंत! बाही चढेना."

त्यांचे खोटे नव्हते. नाना म्हणजे टीटीचे नियमित खातेदार. विळी लागली, घे टीटी. पोफळीचे सोप लागले, घे टीटी. दोन वर्षांत तीन. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांच्या दंडाची आणि माझ्या दंडाची बाजू घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझेच खातेदार. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात पडून असतो. वर्षानुवर्षे, बीजरूपाने, निवांत. हवा त्याला सोसत नाही. म्हणून खिळ्यासारख्या खोल, अरुंद जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो जागा होतो आणि विष सोडतो. गंज बिचारा यात निर्दोष आहे. कोरा चकचकीत खिळाही शेणातून आला तर तेच करील. ते विष मज्जातंतूंत शिरले की स्नायू आकसतात, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखे वाकते. आपल्या जुन्या वैद्यांनी त्याला धनुस्तंभ म्हटले. आणि मिटलेल्या जबड्याला आपण काय म्हणतो? दातखीळ. खिळ्याचा आणि या रोगाचा संबंध आपली भाषा कधीची सांगत बसली आहे. आपण तो शब्द साहेबासमोर बोबडी वळण्यासाठी वापरला.

हा जंतू 1889 साली बर्लिनमध्ये कितासातो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने वेगळा काढला. पुढच्याच वर्षी त्याने आणि बेरिंगने विषावरचा उतारा रक्तात तयार होतो हे दाखवले. मग तो उतारा घोड्यांच्या रक्तातून काढू लागले. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट 1966 साली सुरू झाली ती याच कामाने. पूनावाला मंडळींकडे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होतीच. मी आजवर घोड्यांवर एक पैसा लावला नाही, पण घोड्यांनी माणसांसाठी किती लावले हे ऐकून त्या प्राण्याविषयी आदर वाढला.

लस मात्र निराळी. ती म्हणजे फॉर्मालिनने दात पाडलेले विष. "तुमच्याकडे रद्द केलेला चेक असतो ना, तसं," डॉक्टर म्हणाले. "पैसे मिळत नाहीत, पण सही ओळखता येते." त्यात ॲल्युमिनियमचा एक क्षार घालतात, ही युक्ती 1926 ची. त्यामुळे माल स्नायूत एका जागी टिकून राहतो आणि तो पाहायला शरीराचे पहारेकरी गोळा होतात. सूज, लाली, ऊब ही सगळी त्या गर्दीची. मार्चअखेरीला आपल्या काउंटरपुढे असते तशी. दोन-तीन दिवसांत ओसरते. गार पट्टी ठेवावी, हात हलता ठेवावा, फार दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावी, चोळू नये. सूज ओसरण्याऐवजी वाढतच गेली, पू दिसला किंवा ताप चढला, तर मात्र दाखवावे.

"आणि नाना?"

"त्यांच्याकडे पहारेकरी आधीच दाराशी उभे होते. नवा माल आला की तिथल्या तिथे चकमक. आर्थस नावाच्या फ्रेंच माणसानं 1903 सालीच हे सांगून ठेवलंय. पहिले डोस पुरे झालेले असले की दहा वर्षांनी एक पुरे. जखम घाण असेल आणि आधीच्या डोसाला पाच वर्षं झाली असतील, तर मुदतीआधी एक."

म्हणजे ही दहा वर्षांची मुदत ठेव! नाना ती दर आठ महिन्यांनी भरत होते आणि व्याज सुजेच्या रूपाने घेत होते.

त्या रात्री जेवताना मी दंडाचे हे सर्व पुराण घरी सांगितले. कण्हणेही चालूच होते. आई वाढता वाढता थांबली.

"म्हणजे माझ्या भावाचं तेच," ती म्हणाली.

तिला भाऊ होता हे मला ठाऊक नव्हते. ती पाच-सहा वर्षांची असताना झालेला. नाळ विळ्याने कापली, वर शेणीची राख दाबली. तेव्हा सगळीकडे तेच करीत. सहाव्या दिवशी सटवाईची पूजा झाली, कोरा कागद नि बोरू ठेवला. सातव्या दिवशी पोराला पिता येईना. तोंडच उघडेना. हात लावला की अंग ताठ होई. नवव्या दिवशी गेला. सटवाईने तेवढेच लिहिले होते, असे मोठी माणसे म्हणाली, आणि त्याचे नाव ठेवायचे राहून गेले.

सटवाईवर उगाच आळ आला, खिळ्याच्या गंजावर येतो तसा. जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत, बहुधा सातव्याच्या सुमारास, नाळेतून शिरलेला धनुर्वात डोके वर काढतो. पण आईला गरोदरपणी सुया मिळाल्या असल्या तर तिच्या रक्तातला उतारा वारेतून बाळाकडे आधीच पोचलेला असतो. तार नाही, खांब नाही, कमिशन नाही; खरी टीटी ती. या सुया आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर 2015 साली भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी. शून्य नव्हे. माती तिथेच आहे, शेणही तिथेच आहे. सुई थांबली की तो परत येईल.

"मला दिल्या होत्या दोन, तुझ्या वेळी," आई म्हणाली. "नर्सबाई डोंगरापलीकडून चालत यायची. चार दिवस हात वर होत नव्हता. विहिरीचं पाणी एका हातानं ओढलं."

"मग कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगणार? तू पोटात होतास."

मी डाव्या हाताने पानातला भाताचा वाडगा सरकवून पाहिला. सरकला. कण्हण्याचा कार्यक्रम तिथेच बंद केला.

आईच्या त्या सुयांना पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती. शनिवारी तिला घेऊन निघालो. नाना चप्पल घालून कुंपणापाशी तयारच होते. "थांब, मीही येतो. तिथवर जातोच आहोत, तर एक—" त्यांना पडवीत बसवले, चहा दिला, आणि पाळतीवर बायकोला ठेवले.