कॅप्स लॉकची बदली

मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा मला दिशा बदलावी लागते. मराठी डावीकडून निघते, उर्दू उजवीकडून. फळ्यावर हाताला हे सांगावं लागत नाही. खडू कुठल्या टोकाला टेकवायचा ते त्याला माहीत असतं. संगणकावर मात्र भाषा बदलायला दोन बटणं दाबा, मग परिच्छेदाची दिशा फिरवायला आणखी दोन. प्रश्नपत्रिका टाइप करताना डोकं प्रश्नात कमी आणि बटणांत जास्त अडकतं.

पण कीबोर्डवर छापलेलं अक्षर म्हणजे काही कायदा नव्हे. बटण दाबलं की संगणकाकडे फक्त एक क्रमांक जातो. त्याचा अर्थ सॉफ्टवेअर लावतं, आणि तो बदलता येतो. विंडोजसाठी ऑटोहॉटकी नावाचं मोफत, अगदी हलकं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे. साध्या नोटपॅडमध्ये एकेक ओळ लिहायची, फाइल चालू करायची, झालं. घड्याळाशेजारी हिरवा चौकोन दिसतो, त्यात इंग्रजी एच. तो बंद केला की कीबोर्ड पुन्हा जसाच्या तसा. शाळेचा संगणक चारजण वापरत असतील तर ही सोय मोठी.

आम्हा शिक्षकांच्या बदल्या होतात, तशी मी कॅप्स लॉकची केली. मराठीत आणि उर्दूत मोठी-लहान लिपी नसते, मग एवढं मोठं बटण रिकामं का बसवायचं? आता ते भाषा बदलतं. माउसच्या अंगठ्याजवळच्या दोन बटणांनाही काम दिलं: एक परिच्छेद उजवीकडून सुरू करतं, दुसरं डावीकडून. एखादंच बटण कायमचं बदलायचं असेल तर शार्पकीज पुरतं. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करून मोकळं होतं, पाठीमागे काही चालत राहत नाही. त्याला अ‍ॅडमिनची परवानगी मात्र लागते, आणि संगणक एकदा बंद-चालू करावा लागतो.

हे करताना एक मौज लक्षात आली. इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड भारत सरकारने १९८६ साली प्रमाण ठरवला. उर्दूसाठी मी उच्चारावर बेतलेला फोनेटिक कीबोर्ड वापरतो. दोघांची मांडणी जवळजवळ कुठेच जुळत नाही. पण इंग्रजी के दाबलं की मराठीत क येतो आणि उर्दूत काफ. शिफ्ट धरलं तर इकडे ख, तिकडे खे. दोन भाषा निदान एका बटणावर शेजारी नांदतात.

वेळ वाचतो, हे खरंच. पण माझ्या लेखी मोठी गोष्ट मुलांच्या नावांची आहे. ज़ैनब हे नाव घ्या. मराठी कागदांवर ते कुठे जैनब, कुठे झैनब, कुठे झेनब. ज़साठी मराठीत स्वतंत्र अक्षर नाही, त्यामुळे लिहिणारा कानाला येईल ते लिहितो. पुढे दाखला, आधार, शिष्यवृत्तीचा अर्ज एकमेकांशी जुळत नाहीत आणि घरचे लोक मजुरी बुडवून खेटे घालतात. एका आईने मला विचारलं होतं, "सर, बच्ची एक है, नामां तीन-तीन कायकू?"

उर्दूत वेगळीच अडचण. अरबी कीबोर्डवरचा काफ आणि ये दिसायला बरेचदा उर्दूसारखेच, पण संगणकाच्या हिशेबी ती वेगळी अक्षरं. यादीत नाव समोर दिसतं, शोधायला गेलं की सापडत नाही.

म्हणून वर्गाची यादी मी त्याच सॉफ्टवेअरमध्ये घातली आहे. इंग्रजी कीबोर्डवर एक खूण आणि हजेरी क्रमांक टाइप करून स्पेस दाबला की पूर्ण नाव उमटतं, जन्मदाखल्यावर आहे तसंच. मराठीसाठी एक खूण, उर्दूसाठी दुसरी. प्रश्नपत्रिका असो की प्रगतिपुस्तक, काना-मात्रा हलत नाही.

दोन पथ्यं पाळायची. ही फाइल साध्या अक्षरांत असते, कुणीही उघडून वाचू शकतो. तिच्यात पासवर्ड किंवा आधार क्रमांक कधीच ठेवू नये. आणि यादी चालू करण्याआधी प्रत्येक नाव पालकांकडून वाचून घ्यावं, कारण इथे चुकलेलं नाव सगळीकडे तसंच चुकत जाईल. जे पालक मराठी वाचत नाहीत त्यांना उर्दू दाखवावं. जे दोन्ही वाचत नाहीत त्यांना जन्मदाखला आणायला सांगून त्यांच्यासमोर अक्षर-अक्षर जुळवावं.

सॉफ्टवेअर शिकायला एक दुपार पुरते. नावं तपासायला मला आठवडा लागतो. तो आठवडा दरवर्षी जूनमध्ये राखून ठेवतो.