साठ ओहम

आमच्याकडे एक्स्कॅव्हेटर हा शब्द फक्त बिलावर असतो. बोलताना सगळे पोकलेनच म्हणतात. खरं तर पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण मशीन जपानी असो की कोरियन, माणदेशात ते पोकलेनच. त्यांचं इलेक्ट्रिकल काम हा माझा धंदा. त्यातही जुन्या, दोन-तीन मालक फिरून आलेल्या मशीनचं.

माझे वस्ताद कानाने मशीन ओळखायचे. लांबूनच म्हणायचे, पंप गेलाय, किंवा नोझल मारतंय. ते नव्या मशीनना हात लावत नाहीत. म्हणतात, त्यात ऐकायला काही उरलंच नाही. एका अर्थी खरंय. हल्लीच्या मशीनमध्ये इंजिनाचा कंट्रोलर, पंपाचा कंट्रोलर आणि केबिनमधला डिस्प्ले एकमेकांशी बोलत असतात, तेही एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून. याला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली, गाड्यांसाठी. समजायला सोपं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. एकाने टाकलेला निरोप सगळ्यांना दिसतो, ज्याच्या कामाचा तो घेतो. दोघं एकदम बोलले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा तो बोलत राहतो, दुसरा गप्प बसून आपली पाळी बघतो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर हे अजून जमलेलं नाही.

मे महिन्यात एका मामांचा फोन आला. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, आमच्याकडे वडीलधाऱ्या गिऱ्हाईकाला मामाच म्हणतात. "मिस्त्री, मशीन रेस घेईना झालंय. बंद करून चालू केलं की तासभर बरं, की पुन्ना तेच."

वीस टनी मशीन, मीटरवर नऊ हजारांवर तास, परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून हप्त्यावर घेतलेलं. व्यापाऱ्याने रंग नवा मारला होता. पत्रा उचलला की खरं वय दिसतं. फायनान्सवाल्याने कधीतरी जीपीएस बसवला, तो काढला, त्याच्या वायरी तशाच सोडल्या. कुणी पंखा जोडला, कुणी एलईडी लाईट, कुणी गाणी वाजवायचा डबा. प्रत्येकाने जवळची वायर सोलली आणि टेप गुंडाळली. जुन्या मशीनच्या वायरिंगमध्ये आधीच्या सगळ्या मालकांचे हात असतात.

मामांचं शेततळ्यांचं काम चालू होतं. तीन तळी बोललेली, पाऊस लागायच्या आत संपवायची. जूनमध्ये माती ओली झाली की मशीन उभं आणि हप्ता चालू.

डिस्प्लेवर कोड होता, इंजिनाकडून निरोप येत नाही असा. तक्रार पंपाच्या कंट्रोलरची. इथे एक गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती आणि तरी मी विसरलो. असा कोड तक्रार करणाऱ्याचं नाव सांगतो, चूक कुणाची ते सांगत नाही. कदाचित बोलणारा गप्प झालाय, कदाचित ऐकणारा बहिरा झालाय, कदाचित मधली वायर तुटलीय.

मी बॅटरीचा मेन स्विच काढला आणि नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांना मीटर लावला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असतील तर मीटर ६० दाखवतो. १२० आले तर एक टोक हरवलं. ४० आले तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसडलाय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मला आले ६०.२.

मी म्हणालो, वायरिंग ओके आहे. कंट्रोलर गेला.

हे म्हणायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. त्या दिवशी अजून दोन ठिकाणी जायचं होतं, हेही खरं. मोडीत काढलेल्या तशाच मॉडेलमधला कंट्रोलर मामांनी ७०,००० ला आणला. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. मी बसवला, मशीनने रेस घेतली, मजुरीचे ५,००० घेतले. मामींनी चहा दिला.

अकराव्या दिवशी फोन आला. तोच कोड.

या वेळी सोबत माझ्या आत्याचा मुलगा होता, काम शिकायला आलेला. बंद मशीनवर पुन्हा ६०.२ आले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की हा साठ म्हणजे टोकं जागेवर आहेत एवढंच. मधली एखादी वायर बॉडीला घासतेय का, ते साठ सांगतच नाही. आणि मी मोजत होतो ते मशीन निवांत उभं असताना. मामांचं मशीन बिघडत होतं ते काम करताना.

मग चालू मशीनवर मोजायचं ठरवलं. निरोप नसताना दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट असतात. निरोप जाताना एक साडेतीनपर्यंत चढते, दुसरी दीडपर्यंत उतरते, आणि ऐकणारा फक्त त्यातला फरक वाचतो. मीटरवर सरासरी दिसते, अडीचच्या आसपास. कॅन हायची पिन आणि बॉडी यांच्यात मीटर लावला, मिन-मॅक्सवर ठेवला, लांब वायरी करून केबिनमध्ये बसलो. ऑपरेटरला म्हटलं, मुरूम फोड. बकेट दगडावर आदळली, केबिन हिसकली आणि मीटरचा किमान आकडा शून्याजवळ गेला. डिस्प्लेवर कोड.

सीटमागचा पत्रा काढला. वायरिंग ज्या भोकातून केबिनमध्ये येतं तिथलं रबर गायब होतं. केबिनखालची रबरंही बसलेली, त्यामुळे प्रत्येक हिसक्याला पत्र्याची धार वायरीवर करवतीसारखी फिरत होती. पिवळ्या वायरीवर तांबं दिसत होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. कंट्रोलर बदलताना मी हेच वायरिंग ओढून बाजूला केलं होतं. म्हणून अकरा दिवस मिळाले. कंट्रोलरचा काही संबंध नव्हता.

पोराने माझ्याकडे बघितलं. मामा तळ्याच्या काठावर होते. नवीन तुकडा जोडायचा, जुना होज चिरून धारेवर बसवायचा, वर पत्रा लावायचा आणि "लूज कनेक्शन होतं" म्हणायचं. अर्ध्या तासाचं काम. मी एरवी हे केलं नसतं असं छातीठोक सांगता येणार नाही. पोरगं नसतं तर काय केलं असतं, हे मला आजही माहीत नाही.

मामांना बोलावून तांबं दाखवलं.

ते बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी जुना डबा चांगला हुता?"

"हो."

"त्यो गोठ्यात पडलाय."

तो आणून, पुसून, परत बसवला. मशीन दोन तास दगडात चालवलं. कोड नाही. मामा काही बोलले नाहीत आणि त्या दिवशी चहाही आला नाही.

दुसरा कंट्रोलर ज्याच्याकडून आणला होता तो म्हणाला, इलेक्ट्रिकल माल परत नाही. या धंद्याचा नियमच तो. चार महिन्यांनी मी ओळखीने ४५,००० ला विकून दिला. मजुरीचे ५,००० लगेच परत केले होते. राहिले २५,०००. एवढे रोख माझ्याकडे नव्हते, म्हणून एक वही केली. मामांच्या मशीनचं काम निघालं की मजुरी त्यातून वजा करायची आणि दोघांनी सही करायची.

मागच्या महिन्यात अल्टरनेटर चार्ज करत नव्हता. मी पोचलो तर मामा आधी म्हणाले, "मिस्त्री, चालू करून बघा. उभ्याचं काय सांगू नका." बघितलं. वायरच निघाली. १,५०० लिहिले, त्यांनी चष्मा लावून रक्कम दोनदा वाचली आणि सही केली.

८,५०० बाकी आहेत.